दोन नंबरवाल्याने दार का उघडलं

विश्वजितने सही केली. म्हणजे तसं काही झालंच नाही. खिशाला लावलेलं हे निळ्या टोपणाचं पेन साहेबांचं आहे, एवढंच, आणि पेन काय, कुणाचंही कुणाच्या खिशात सापडतं... वाळूजला निघालेल्या कंपनीच्या सकाळच्या बसमध्ये त्याने ते खिशात खोल ढकललं.

"आज चौथ्या 'का'चा निकाल लावू," शेजारचा अबुजर म्हणाला.

कंपनीत पार्ट बिघडला की पाच वेळा 'का' विचारून तक्ता भरायचा. पाचव्याला खरं कारण सापडतं, असं भिंतीवर लिहिलंय. हे दोघे आठ वर्षं तोच तक्ता टोळीयुद्धाच्या एका जुन्या सिनेमाला लावत होते. दादा मेला. का? पोलीस मागच्या दाराने आले. का? दार उघडं होतं. का? दादाच्या दोन नंबरच्या माणसाने उघडलं. का?... इथे गाडी अडलेली.

"पैसा नाय, बाई नाय, भीती नाय," अबुजर बोटं मोजत म्हणाला. "दादानं सख्ख्या भावावानी सांभाळलेला. मग कायको उघडलं?"

"लिहिणाऱ्याची चूक."

विश्वजित नेहमी हेच म्हणायचा. काल दुपारपर्यंत ते त्याला खरंही वाटायचं. काल दुपारी साहेब "बसा" म्हणाले — आठ वर्षांत त्या केबिनमध्ये त्याला कुणी बसा म्हटलं नव्हतं — खुर्चीला चाकं होती, ती जरा मागे पळाली, साहेब "होतं असं" म्हणून हसले, मग चहा आला, बशीसकट, आणि मग सहीसाठी कागद: अबुजरने कामगारांना भडकवून प्रेस मशीन बंद पाडलं. खरं तर प्रेसची संरक्षक जाळी तुटलेली, मशीनवरच्या कृष्णाचा हात जाता जाता वाचला, म्हणून अबुजरने बंदचं बटण दाबलं; विश्वजित तिथेच उभा होता... पण चहा अर्धा झाला होता, आणि अर्ध्या चहावरून उठून मी 'नाही' कसं म्हणणार? बढती नाही, धमकी नाही. बिस्किटसुद्धा नव्हतं.

बजाजनगर मागे पडलं. सात मिनिटांनी गेटवर अबुजरचं कार्ड चालणार नाही, त्या कागदावरून ते कालच बंद झालंय. आता सांगितलं तर निदान चारचौघांत त्याची शोभा तरी...

"लालच असती ना," अबुजर म्हणाला, "तर मी त्याला माफ केलं असतं. घरात लेकरं असत्यात, समजतं. पण बिनकारणी माणसाला माफ कसं करायचं, यार?"

विश्वजितने तोंड उघडलं.

"खिडकी लाव. धूळ येतीय."

अबुजरला बस लागते, वारा हवा असतो. तरी त्याने लावली. लिहिणाऱ्याची चूक नव्हती. सिनेमातल्या त्या दोन नंबरवाल्यालाही दाराशी कुणीतरी बसा म्हटलं असणार — आणि एवढं कळूनही काही सुटेना, तेव्हा विश्वजितने मनातल्या मनात अर्ज लिहायला घेतला, कुणाला ते ठाऊक नसताना: महोदय, सदर दोन नंबरच्या इसमास एक हेतू, जुना-वापरलेला असला तरी चालेल, पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावा, ही नम्र विनंती.