पाहुण्यासाठी अर्ज

अमरावतीत अंबागेटच्या आत राहणारे बापूसाहेब तळेगावकर वकील हे पांजरपोळाचे कायदे सल्लागार होते. हे काम ते धर्म म्हणून करत, आणि धर्माचं म्हणून जरा जास्तच बारकाईनं करत. पांजरपोळात म्हाताऱ्या गाई, लंगडे बैल आणि एक आंधळा घोडा होता. त्यांच्यात कायद्याचा प्रश्न क्वचितच निघे. तरी दर रविवारी सकाळी बापूसाहेब पगडी घालून तिथल्या कचेरीत तासभर बसत आणि मुनीम ओमप्रकाश त्यांना चहा देई.

चौतीस सालच्या दसऱ्यानंतर गावात एक कुत्रं पिसाळलं आणि दोन माणसांना चावलं. दोघंही वाचले, पण गाव धास्तावलं. बेवारशी कुत्र्यांना विष घालायची बोलणी सुरू झाली. पांजरपोळाच्या शेठ मंडळींना ते ऐकवेना. ते म्हणाले, कुत्री आमच्याकडे द्या. आठ दिवसांत त्रेचाळीस कुत्री आली आणि कडब्याच्या रिकाम्या कोठ्यात भरली गेली. त्यांच्या भुंकण्यानं गाईंनी चारा टाकला. आंधळ्या घोड्यानं लाथा मारून भिंतीची माती पाडली. तेव्हा शेठजींनी ठरवलं की ही कुत्री चांगल्या घरी देऊन टाकावीत, आणि त्याचे नियम करायचं काम बापूसाहेबांवर आलं.

बापूसाहेबांनी एकोणीस कलमं लिहिली. अर्ज अर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहावा. कुटुंबप्रमुखाची लेखी संमती असावी. कायदे सल्लागारानं जनावराची राहण्याची जागा स्वतः पाहावी. जनावराला कोणत्या कारणासाठी नेतो, ते अर्जदारानं खरं खरं नमूद करावं. ओमप्रकाशनं कलमं वाचली आणि विचारलं, "वकीलसाहेब, इतक्यातून पार होईन असा माणूस गावात हाय काय?" बापूसाहेब म्हणाले की ते पाहणं नियम करणाऱ्याचं काम नाही.

तीन आठवडे कोणी फिरकलं नाही.

अशातच एका दुपारी जेवताना त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी वाढता वाढता विचारलं की पांजरपोळातून कुत्रा आणायचा तर काय करावं लागतं. बापूसाहेब चकित झाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मुलगा रविकांत नागपूरला नोकरीला होता, मुलगी कुंदा अकोल्याला दिली होती, आणि इतक्या वर्षांत घरात कोणी त्यांना कायद्याची एक बाब विचारली नव्हती. त्यांनी एकोणीसच्या एकोणीस कलमं क्रमानं सांगितली. वरण निवलं. गोदावरीबाईंनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं, मध्ये एकदा "सातवं पुन्हा सांगा" म्हणाल्या, आणि ताक वाढलं. त्या का विचारतात हे विचारायचं बापूसाहेबांना सुचलं नाही. त्या दिवशी ते कोर्टात फार आनंदात होते.

पुढच्या रविवारी ते कचेरीत बसले तेव्हा ओमप्रकाशनं त्यांच्यापुढे एक कागद ठेवला आणि पहिला अर्ज आल्याचं सांगितलं. नवे अर्ज अजून छापून आले नव्हते म्हणून त्यानं गाईबैलांचे जुने छापील अर्ज वापरायला काढले होते. बापूसाहेबांनी चष्मा लावला. अक्षर बाईमाणसाचं होतं, वळणदार आणि जरा मोठं.

‘जनावराचे नाव : पाहुणा. जात : कुत्रा. रंग : पिवळट, डावा कान फाटका. शिंगे : नाहीत. दूध किती देते : देत नाही. नांगर, मोट, गाडी यांपैकी कशाच्या उपयोगाचे : कशाच्याही नाही.’

"अर्जदार प्रामाणिक दिसतो," बापूसाहेब म्हणाले. मग त्यांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं. ‘पतीचे नाव’ या रकान्यात लिहिलं होतं : ‘कार्यालयास माहीत आहे.’

बापूसाहेबांनी कागद खाली ठेवला. हा अर्ज अपुरा आहे, तो परत पाठवावा, असं त्यांनी सांगितलं. पतीचं नाव कार्यालयाला कसं माहीत असणार? आज हे चालवून घेतलं तर उद्या माणसं पत्तासुद्धा माहीत आहे म्हणतील.

"पत्ता लिवला हाय," ओमप्रकाश म्हणाला. "तेवढा वाचून घ्या."

बापूसाहेबांनी पत्ता वाचला. तो त्यांच्याच घराचा होता. ओमप्रकाश खिडकीतून गाईंकडे पाहत होता, आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिला.

शेवटचा रकाना कारणाचा होता. तिथे छापील जागा पुरली नव्हती म्हणून अक्षर बारीक झालं होतं. ‘हा सहा वर्षे रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागल्या दारी जेवायला येत होता. त्याच्याशी बोलायची सवय झाली आहे. तो गेल्यापासून संध्याकाळ जात नाही.’

गोदावरीबाई हिवरखेडच्या एका भिक्षुकाची मुलगी. वडिलांनी त्यांना घरीच लिहायला शिकवलं होतं. बापूसाहेबांना त्यांच्याकडून आजवर दोनच पत्रं आली होती. एक रविकांतच्या जन्मानंतर आणि एक कुंदाच्या, दोन्ही माहेराहून, आणि दोन्हींत बाळाचं वजन व सर्वांस नमस्कार एवढंच होतं. हे तिसरं.

मग त्यांना पाहुणा आठवला. संध्याकाळी बैठकीत पक्षकारांपुढे बसलेलं असताना आतून कितीदा तरी ऐकू आलं होतं : पाहुणा आला, पाहुणा जेवला, पाहुण्याला आज ताप वाटतो. भांडी घासायला येणाऱ्या मैनाबाईच्या माहेरचं कोणी असेल अशी त्यांची समजूत होती. सहा वर्षं एकच पाहुणा कसा येतो, याची त्यांनी कधी उलटतपासणी केली नव्हती.

"जागा पाहाले जावं लागते," ओमप्रकाश म्हणाला. "कलम अकरा."

ही सल्लागाराच्याच घरची बाब आहे, तेव्हा तपासणी दुसऱ्या कोणी करावी, असं बापूसाहेब म्हणाले. तसं कोणतं कलम आहे काय, असं ओमप्रकाशनं विचारलं. बापूसाहेबांनी एकोणीस कलमं पुन्हा वाचली. नव्हतं. आपल्या मसुद्यात एवढी मोठी फट राहिली, याचं त्यांना त्या क्षणी बायकोच्या अर्जाहून जास्त वाईट वाटलं.

दोघं टांग्यानं गेले. पाहायची जागा मागल्या दाराची होती, म्हणून ओमप्रकाशनं टांगा बोळाच्या तोंडाशी थांबवला. बापूसाहेब या घरात जन्मले होते, पण लहानपण सरल्यावर या बोळात त्यांनी पाय ठेवला नव्हता. शेजारणीनं त्यांना पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेऊन ती आत गेली. थोड्या वेळानं ती आणखी दोघींना घेऊन दारात आली.

ओमप्रकाशनं कडी वाजवली. गोदावरीबाईंनी दार उघडलं. मागे मैनाबाई राखेनं हात भरलेले तसेच घेऊन उभी राहिली. बापूसाहेब पगडी नीट करत राहिले, म्हणून मुनीमच विचारू लागला. जनावराला सावली आहे काय? गोदावरीबाईंनी पायरीवरचं छप्पर दाखवलं. पाणी? दगडी कुंडी दाखवली. ती कोरडी पडली होती. कोणाला चावला आहे काय?

"एकदा," मैनाबाई मधेच बोलली. "माह्या नवऱ्याले. त्याची चूक होती."

"कोणाची?"

"नवऱ्याची."

ओमप्रकाशनं ते लिहून घेतलं. मग कुटुंबप्रमुखाची संमती आहे काय, असं त्यानं विचारलं.

"ती त्यांनाच विचारा," गोदावरीबाई म्हणाल्या.

ओमप्रकाश वळला. बापूसाहेब त्याच्या मागे दोन हातांवर उभे होते. "कुटुंबप्रमुखाची संमती हाय काय?" त्यानं कचेरीतल्यासारखं विचारलं. शेजारणी ऐकत होत्या. बापूसाहेबांनी घसा साफ केला आणि विचार करायला मुदत मागितली. ओमप्रकाशनं बुधवारची तारीख दिली.

रविवार संध्याकाळ आणि सोमवार त्या घरात नेहमीसारखेच गेले. गोदावरीबाईंनी वेळेवर वाढलं, वेळेवर झाकलं. रुसल्या नाहीत, भाजीत मीठ विसरल्या नाहीत. पक्षकार आले आणि गेले. मंगळवारी मात्र तेल्हाऱ्याचा एक पक्षकार आपल्या शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भानगड सांगत असताना बापूसाहेब एकाएकी त्याला थांबा म्हणाले आणि कान देऊन ऐकू लागले. आतून काही ऐकू येत नव्हतं.

रोज या वेळेला भिंतीपलीकडून गोदावरीबाईंचा आवाज यायचा. शब्द कळत नसत. एक सारखा, हळू, मधूनच थांबणारा आवाज. त्या स्तोत्र म्हणतात असं बापूसाहेब समजत आले होते. बार रूममध्ये त्यांनी हे दोनचारदा सांगितलंही होतं, की आमच्या घरात संध्याकाळी तासभर स्तोत्रपाठ असतो. आता तो आवाज बंद होऊन महिना झाला होता आणि हे त्यांच्या आज ध्यानात येत होतं.

पक्षकाराला उद्या या सांगून ते उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. गोदावरीबाई चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापत होत्या. मागलं दार उघडं होतं. त्यांनी वर पाहिलं आणि पाणी हवं काय, असं विचारलं. नको, असं बापूसाहेब म्हणाले. मग त्यांनी उघड्या मागल्या दाराकडे पाहिलं.

"रोज काय बोलायचीस त्याच्याशी?"

"विशेष काही नाही. दिवसभराचं."

"म्हणजे?"

त्यांनी भाकरी उलटली. "कुंदाचं पत्र आलं की ते. रविकांतचं आलं नाही की ते. गुडघा दुखून राहिला, ते."

"गुडघा दुखतो?"

"तीन वर्षं झाली."

बापूसाहेबांना तीन वर्षांत कोणता गुडघा, हेही माहीत नव्हतं, आणि आता विचारायची लाज वाटली. "मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुमच्याकडे पक्षकार असायचे," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. आज एकादशी आहे, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि पुढचा गोळा हातात घेतला.

बापूसाहेब बैठकीत परत आले. त्यांनी संमतीपत्र लिहायला घेतलं. एरवी असा कागद ते दोन मिनिटांत लिहीत. त्या दिवशी त्यांनी तीन कागद फाडले. शेवटी जे राहिलं ते एका ओळीचं होतं : ‘माझी संमती आहे, ती यापूर्वीच विचारली जावी अशी माझी वागणूक असायला हवी होती.’ बुधवारी ओमप्रकाशनं ते वाचलं आणि शिक्का मारून ठेवून दिलं. ओळीच्या उत्तरार्धाची कायद्यानं गरज नव्हती, पण त्यानं तसं म्हटलं नाही.

पाहुण्याला आणायला नवराबायको दोघं गेली. कोठ्याचं दार उघडलं तेव्हा पिवळट कुत्रा आधी बापूसाहेबांवर भुंकला. मग त्याला गोदावरीबाई दिसल्या. तो उड्या मारत आला नाही. चालत आला, त्यांच्या पायाशी बसला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, जणू इतका उशीर का, एवढंच त्याला दाखवायचं होतं. गोदावरीबाई खाली वाकल्या. पदराच्या टोकानं त्यांनी त्याचे डोळे पुसले आणि मग स्वतःचेही त्याच टोकानं पुसले. बापूसाहेब आंधळ्या घोड्याची विचारपूस करू लागले.

टांगेवाला कुत्र्याला घ्यायला तयार होईना. म्हणून चालत निघाले. त्या काळी रस्त्यानं नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशी चाल होती. पण पाहुण्याला घराची वाट ठाऊक होती आणि घाई होती. दोर गोदावरीबाईंच्या हातात होता. पाहुणा त्यांना ओढत नेऊ लागला, गुडघ्यासकट. भर बाजारातून गोदावरीबाई पुढे आणि बापूसाहेब पगडी सावरत मागे, असे ते अंबागेटपर्यंत गेले. कोर्टातल्या दोघा वकिलांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बार रूममध्ये विषय काढला तेव्हा जनावर अर्जदारानं स्वतः घेऊन जावं असं कलम सोळा आहे, असं बापूसाहेबांनी सांगितलं.

वकिलाच्या बायकोनं कुत्रा नेला हे कळल्यावर गावात जरा हालचाल झाली. बापूसाहेबांनी आपण होऊन तेरा कलमं काढून टाकली. होळीपर्यंत एकतीस कुत्री घरोघर गेली. एक खुद्द मैनाबाईनं नेलं. नवऱ्याला विचारलं काय, असं ओमप्रकाशनं तिला विचारलं तेव्हा तो घरी नसतो, म्हणून तर कुत्रं पायजे, असं ती म्हणाली, आणि ते कारण मान्य झालं.

बापूसाहेब आता कोर्टातून आले की पक्षकारांना दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवत आणि स्वतः स्वयंपाकघरात पाट घेऊन बसत. गोदावरीबाईंना त्यांच्याकडे पाहून बोलता येत नसे. इतक्या वर्षांची सवय नव्हती. त्या पाहुण्याकडे पाहून बोलत. बापूसाहेबांना मधेच काही विचारायचं असलं तर ते विचारत, आणि त्याचं उत्तरही पाहुण्यालाच मिळे. गुडघा उजवा होता. त्याला रोज तेल लावायचं ठरलं.

संक्रांतीच्या आधी कुंदा अकोल्याहून माहेरी आली. तिनं वडिलांना स्वयंपाकघरात पाटावर बसून वाटाणे सोलताना पाहिलं. तिनं बॅग खाली ठेवली आणि आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं की बाबांची तब्येत कधीपासून अशी आहे. बरी आहे, असं आई म्हणाली. कुंदाला ते पटलं नाही. तिनं भावाला लगोलग पत्र टाकलं. रविकांत रजा काढून पुढच्याच गाडीनं नागपूरहून आला. त्यानं वडिलांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, दोन दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवलं. भूक नीट होती, झोप नीट होती, वाटाणेही नीट सोलत होते. तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठीही एक पाट मांडला गेला.