हातातलं झालं की बसते

मी एक जुनी आरामखुर्ची आहे. पण मित्रांनो, नावावर जाऊ नका. ज्या बाईच्या आरामासाठी मला घरात आणलं, तिनं मला जन्मभर नुसता वैताग दिला.

जुन्या नाशकातल्या एका सुतारानं मला घडवलं. सागवानी सांगाडा, वेताची बैठक, लांब हात आणि पाठ अशी कललेली, की बसणाऱ्याचे डोळे आपोआप मिटावेत. ब्याण्णव साली धनराजनं पहिल्या बोनसमधून मला विकत घेतलं आणि हातगाडीवर घालून सिडकोतल्या घरी नेलं. दुसरा मजला चढेपर्यंत जो भेटेल त्याला तो सांगत होता, "आईला बसायला घेतली." मला फार बरं वाटलं होतं.

आई म्हणजे बयाबाई, चांदवडकडची. नवरा गेल्यावर लेकराला कडेवर घेऊन ती नाशकात आली आणि अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवणाचे डबे करून देऊ लागली. मी दारात आले तेव्हा ती कणीक मळत होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"लय भारी हाय. ठेव तिथं खिडकीपाशी. हातातलं एवढं झालं की बसते."

मी वाट पाहू लागले. पोळ्या झाल्या, डबे गेले, रिकामे होऊन परत आले, घासून झाले. मग तिनं दुसऱ्या दिवसाची मटकी भिजत घातली आणि फरशीवरच आडवी झाली. मला वाटलं, उद्या बसेल. खुर्चीनंही इतकं भोळं असू नये.

ती सोडून माझ्यावर सगळं बसलं. उन्हाळ्यात माझ्या दोन्ही हातांवर कुरडयांची सुपं मांडली गेली. बैठकीत गव्हाची गोणी आली. पंखा लावणारा चपलांसकट माझ्यावर चढला. एकदा तर शेजारची मांजर माझ्यात व्याली. धनराज तिला हाकलायला उठला, तर बयाबाई म्हणाली, "बाळंतीण हाय ती. पडू दे जराशी." मांजरीची दया आली, स्वतःची कधी आली नाही.

आणि रोज बसायचं कोण? धनराज. ड्यूटीवरून आला की थेट माझ्यात.

"आई, चहा." आणि लगेच पुढे, "आई, तू पण बस ना जरा."

ती चहा आणून त्याच्या हातात द्यायची. "हातातलं झालं की बसते." मग साहेब पेपर उघडायचे. मी तेव्हापासून करकरायला लागले. घरच्यांना वाटलं, वेत सैल झालाय.

धनराजचं लग्न झालं. सून योगिनी कंपनीत पॅकिंगला जायची. नात झाली, तृप्ती. म्हटलं, आजी आता नातीला मांडीवर घेऊन तरी बसेल. तिनं काय केलं? पोरीला माझ्यात निजवलं, दोन्ही बाजूंनी उशा लावल्या आणि स्वतः खाली मेथी निवडायला बसली. वर्षं अशीच गेली. तिच्या केसांचा कापूस झाला, माझ्या वेताच्या काड्या सुटल्या.

मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता तिचे पाय गेले. धनराजनं रिक्षा बोलावली, पण जिना अरुंद, तिला उचलून न्यावं कसं? त्यानं मला ओढलं, तिला माझ्यात बसवलं आणि शेजाऱ्यांच्या मदतीनं उचललं.

मित्रांनो, ती किती हलकी होती. गव्हाची गोणी तिच्याहून जड होती. तिच्या बोटांची ओली कणीक माझ्या हातांना लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिनं विचारलं, "धना, तवा उतरवला का रं?"

"उतरवला, आई."

तेव्हा कुठे तिनं मान मागं टेकली. "चांगली हाय की रं ही खुर्ची."

तिला रिक्षात बसवलं आणि मी खाली पार्किंगमध्येच राहिले. ती परत आली नाही.

मला कुणीतरी पुन्हा वर आणून खिडकीपाशी ठेवलं. दहाव्याला घर माणसांनी भरलं. "लय कष्टाळू बाई. एक मिनिट बसलेली पाहिली नाय," असं जो तो कौतुकानं म्हणत होता. मला संताप आला. बस म्हणणारे घरभर होते. तिच्या हातातलं लाटणं काढून घेणारा एकही नव्हता. मला दुःख झालं, आणि ते अजून गेलेलं नाही.

परवाचीच गोष्ट. धनराज पेपर घेऊन माझ्यात बसला होता. योगिनी कंपनीतून आली, पर्स खुंटीला लावली आणि परात पुढ्यात ओढून कणीक मळू लागली.

"अगं, बस ना जरा," धनराज माझ्यातूनच म्हणाला.

ती आतून म्हणाली, "हातातलं झालं की बसते."

माझ्यात होता नव्हता तेवढा जोर काढून मी करकरले. पण मला वाटतं, त्यानं ते ऐकलंच नाही. त्याला दुसरंच काही ऐकू आलं असावं. पेपर त्याच्या मांडीवरून खाली घसरला. तो उठला, आत गेला आणि योगिनीच्या हातांखालून परात ओढून घेतली. तिनं "अहो, काय हे" म्हटलं, तरी त्यानं सोडली नाही. थोड्या वेळानं ती बाहेर आली आणि कणकेच्या हातांनीच माझ्यात बसली.

मित्रांनो, घरी आईला "बस जरा" म्हणत जाऊ नका. ते ऐकून माझे कान किटलेत. आधी तुम्ही उठा.