माझ्या नावाने ओ देणारा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंडही नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणकात राहणारा मी एक जुना मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा छोटासा तुकडा. माझं नाव 'डोस'. तान्ह्या बाळाचं वजन विचारायचं आणि औषध किती द्यायचं ते सांगायचं, एवढंच माझं काम. मला लिहिणारे चष्मेवाले काका फार काटेकोर. निवृत्त होताना ते म्हणाले, "हा कधी दगा द्यायचा नाही." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, अंग नसूनही!

पुढे मला कुणी उघडूनही पाहिलं नाही. बालविभागातून हाक आली की मी ओ द्यायचो. हाकेशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

एका दुपारी अशीच हाक आली. मी बोलणार, तेवढ्यात माझ्याच नावाने दुसऱ्याच कुणीतरी ओ दिली. वजन न विचारता त्याने आकडा सांगितला, तोही मोठ्या माणसाचा. मी गारठलो.

लगेच आता आमची देखभाल करणाऱ्या प्रोग्रामर ताईच्या टेबलावरचा फोन वाजला. बालविभागातली परिचारिका बोलत होती.

"ताई, एवढंसं बाळ आणि एवढा डोस? मी नाही देणार. पण ते तापाने फणफणलंय हो, आणि डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेत. लवकर बघा ना!"

ताईने मला उघडलं, ओळ न् ओळ वाचली. "यात तर काहीच चूक नाहीये," ती पुटपुटली. तिने माझ्यात एक ओळ लिहिली, 'मी इथे आहे', आणि हाक मारली. पडद्यावर ती ओळ उमटलीच नाही. तोच आकडा आला. तिने माझं अर्धं अंग पुसलं. तोच आकडा. मग तिने सगळंच पुसलं. मी फक्त नावापुरता उरलो, आणि 'डोस' तरीही बोलत होता.

ताईचा हात थांबला. "मग हे बोलतंय कोण?"

तिने संगणकालाच विचारलं, हा 'डोस' राहतो कुठे? उत्तर आलं दुसऱ्याच फोल्डरचं. मोठ्यांच्या विभागासाठी थोड्याच वेळापूर्वी कुणीतरी नवा मॉड्यूल आणून ठेवला होता आणि आजूबाजूला न बघता त्याचंही नाव 'डोस' ठेवलं होतं. संगणक एकेक फोल्डर ओळीने धुंडाळतो. त्या नावाचा पहिला भेटला की पुढे जात नाही, आणि नव्याचा फोल्डर माझ्या आधी होता. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? हाक ऐकू आली, त्याने ओ दिली.

ताईने माझं पुसलेलं सगळं परत आणलं. मला 'बालडोस' हे नाव दिलं आणि बालविभागातली हाकही बदलली. हाक आली. मी वजन विचारलं, आकडा सांगितला.

"हां, हा बरोबर!" परिचारिकेचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बाळाचा ताप उतरला.

मित्रांनो, माझ्या जुन्या नावाची हाक अजूनही कानावर येते. मी दचकून उठतो, आणि दुसरंच कुणीतरी ओ देतं. म्हणून एवढंच मागतो. मोठ्या घरात नव्याला नाव ठेवण्याआधी त्या नावाने एकदा हाक मारून बघा. आतून ओ आली, तर दुसरं नाव शोधा. तिथे आधीच कुणीतरी राहतंय.