बंद असलेली पिकअप

गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग गुरगुरली, मग अंगण दणाणलं. तरी ती सुरू झालेलीच नाही असं धरून पुढे जाऊ. घरात तसंच ठरलंय.

वडील गेल्यापासून त्यांची जुनी पिकअप दारात धोंड्यासारखी उभी होती. मामा म्हणाला, "चालू करून द्या, मी घेऊन जातो. नाहीतर कोंबड्या संसार थाटतील तिच्यात." आई हो म्हणाली. त्या दिवसांत ती सगळ्यालाच हो म्हणायची. विमा विकणाऱ्यालासुद्धा, दोनदा.

काम आलं स्क्रूकडे. मुलाचं हे नाव वडिलांनी पाडलेलं. लहानपणी त्याने एक गिळला होता, तो अजून सापडायचाय. दाढेला सुई दिल्यावर गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं हल्ली स्क्रूला सगळंच दुसऱ्याचं वाटे. गाडी तेवढी आपली वाटायची, आणि तीच जाणार होती.

एक नट ढिला सोडला असता तर गाडी दारातच राहिली असती. पण हात ऐकेनात. हातांनी एअर फिल्टर काढला, पेट्रोलचा पाईप सोडवला, केबल सोडवली, नट फिरवून जुना कार्बोरेटर उचलला. खालच्या भोकात कचरा पडू नये म्हणून फडकं कोंबलं, चिकटलेलं गॅस्केट ब्लेडने खरवडलं, फडकं काढलं आणि नवा कार्बोरेटर चोख बसवला.

"काय डॉक्टर, पेशंट जगेल ना?" मामाने विचारलं.

"जगला तर तूच नेणार."

"मग चहा घेऊन येतो," म्हणत मामा आत गेला.

ही गाडी सुरू करायची या घरात एक रीत होती. जुन्या कार्बोरेटरचा चोक, म्हणजे थंड इंजिनाची हवा अडवणारी झडप, कधीचाच मोडलेला. म्हणून वडील कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरत आणि ओरडत, "हं, मार!" मग आई स्टार्टर मारी.

आई चावी घेऊन बसली. स्क्रूने चोक ओढला आणि वर तळहातही दाबला. "हं, मार!"

आवाज हुबेहूब वडिलांचा निघाला.  आईने स्टार्टर मारला. गाडी ढिम्म. पेट्रोलचा भपकारा आला.

"नव्याला चोक आहे ना रे?"

"आहे."

"मग हात कशाला धरलायस?"

 हात निघायला वेळ लागला. निघाला, आईने अॅक्सिलरेटर दाबून पुन्हा स्टार्टर मारला, आणि ते झालं, जे झालेलं नाही.

आईने लगेच चावी फिरवून आवाज बंद केला. मामा कप घेऊन धावत आला. "लागली!"

"नाही," आई म्हणाली.

"अगं ताई, बशीत चहा सांडला माझा!"

"शेजारच्यांची असेल."

शेजाऱ्यांकडे सायकल होती.

"स्क्रू, तू सांग."

"मामा, तुझी ताई खोटं बोलेल का?"

"लहानपणापासून बोलते!" मामा पायरीवर बसला. "ताई, द्यायची नाही असं सरळ म्हण की."

"असं कुठे म्हणतेय मी?" आईचा जन्म टपाल कचेरीत गेलेला; अवघड बोलायची वेळ आली की ती तिथल्या भाषेत शिरायची. चावी मुठीत धरून ती सीटवर ताठ झाली.

"सदर वाहन बंद अवस्थेत आहे. ते सुपूर्द करण्यासाठी मूळ मालकाने कामकाजाच्या वेळेत समक्ष हजर राहावे, ही विनंती. प्रतिनिधी चालणार नाही."