गळालेलं पान

पुस्तकाला अजून डिंकाचा ओला वास होता, तोवर सूरबाबांची लेक दारात हजर.

"फादर, बाबांनी बोलावलंय. पुस्तक घेऊन या म्हणाले. सकाळपासून दाढी करून बसलेत."

फादरांनी पुस्तक उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

पुस्तक म्हणजे त्यांची बावीस वर्षांची तपश्चर्या. सिरियाक भाषा म्हणजे प्रभू येशूच्या बोलीची सख्खी भाची. तिच्यातलं एक जुनं प्रवचन, तेही बोलायचं नव्हे, गायचं. प्रभूला पकडलं आणि शिष्य पेत्राने भीतीने त्याची ओळख नाकारली, त्या रात्रीचं. हस्तलिखित एकच, वाळवीने चाळण केलेलं, आणि पेत्र जिथे रडतो नेमकं तेच पान गळालेलं. सापडलं कुठे, तर सूरबाबांच्या गळ्यात! चर्चमध्ये साठ वर्षं गायलेला हा आंधळा म्हातारा अक्षरशत्रू. पण बापाकडून कानावर पडलेली बारा कडवी त्याने घडाघडा म्हणून दाखवली. ती गोडी काय सांगावी! सात दुपारी खाटेशेजारी बसून फादरांनी ती उतरवून घेतली, रडत रडत.

मग प्रस्तावना लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे सगळी विद्वान मंडळी उभी राहिली. एका निरक्षर म्हाताऱ्याची आठवण हा काय पुरावा? हसतील. फादरांनी लिहिलं : 'गहाळ पान एका खाजगी संग्रहातील प्रतीवरून पूर्ण केले आहे.' एकच ओळ. कुणाला कळणार होतं?

"या, विद्वान!" सूरबाबांनी दोन्ही हात पुढे केले. पुस्तक तोललं, हुंगलं. "माझ्या बापापेक्षा जाडजूड आहे. आता त्याचं नाव कुठे आहे तिथे माझं बोट ठेवा."

"नाव..."

"तुम्हीच सांगितलेलं ना? जुन्या पोथ्या उतरवणारे शेवटी लिहायचे, 'मी पापी अमका, वाचणाऱ्या, माझ्यासाठी प्रार्थना कर.' माझ्या बापाने कागदाला हात लावला नाही. त्याच्यासाठी कोण करणार प्रार्थना? मी चाललो, लेक एकटी. आता वाचणारे करतील."

फादरांनी ते बोट धरलं आणि प्रस्तावनेतल्या त्याच खोट्या ओळीवर ठेवलं. खोटं हात बोलला.

ओळीच्या टोकापर्यंत फादर ते बोट सरकवत राहिले. "केवढं लांब! बापाचं नाव तर चार अक्षरांचं."

लेक मागून वाकली. ओळ वाचली, फादरांकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "हो बाबा, बरोबर जागी आहे बोट."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने त्यांना झाकलं होतं, जसं एखाद्या उघड्या पडलेल्या माणसाला झाकतात. फादरांचे कान तापले.

"आता ते पान म्हणा, फादर. माझा दम पुरत नाही."

फादरांनी सूर लावला. दुसऱ्या कडव्यात पेत्र अंगणाबाहेर पडतो. तिथे फादर थांबले.

"बाबा, नाव नाही. मी घातलं नाही. मला तुमची लाज वाटली."

सूरबाबांनी बोट उचललं आणि चादरीला पुसलं.

"पेन आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

शेवटच्या कोऱ्या पानावर फादर लिहू लागले. लेक मोठ्याने वाचत गेली. आधी आजोबांचं नाव, मग बाबांचं. 'गळालेलं पान या दोघांच्या मुखातलं. ते चोरणारा मी पापी. वाचणाऱ्या, तिघांसाठी प्रार्थना कर.'

"'चोरणारा' खोडा हो," सूरबाबा पुटपुटले. "देव वाचेल."

"त्याने कधीच वाचलंय," फादर म्हणाले. " माणसांनी वाचायला हवं."

"आणि बाकीची पुस्तकं?" लेकीने विचारलं.

"तीनशे आहेत. गठ्ठे अजून फोडले नाहीत."

"मग इथेच आणा," सूरबाबा म्हणाले. "मी ऐकत बसतो. प्रत्येकात लिहायचं आणि प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायचं."

फादर गठ्ठे आणायला उठले. दारापाशी पोचले तरी त्यांना मान वर करता येईना.