माटवीचा तोल

मित्रांनो, मी एक जुनी माटवी आहे. तुमच्यातल्या शहरी मुलांना माटवी ठाऊक नसेल. आमच्या मालवण-कुडाळकडे गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी म्हणजे घड, कवंडळं ही लाल रानफळं, आंब्याच्या पानांचे टाळ बांधतात. ती चौकट म्हणजे मी. वर्षातले सात दिवस काम, बाकी मुक्काम स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर, धुरात. एवढी रजा मामलेदारालाही मिळत नसेल.

बावन्न साली वालावलच्या दत्ताराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं. मला माजघरात टांगून त्याने माझ्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. थेंबही सांडला नाही. "माटवी वाकडी टांगलास, तर आख्खा घर वाकडा दिसतला," एवढं बोलून तो गेला.

त्याचं बोलणं ज्यांच्या कानावर पडलं, त्यांत आनंदी होती. घरातल्या दोन भावांची ही मोठी बहीण. नवऱ्याने दुसरा संसार थाटला, म्हणून ती त्याच वर्षी माहेरी परतली होती. घरात तिला कुणी टाकून बोलत नसे. पण तिची म्हणावी अशी खोली नव्हती की खुंटी नव्हती. होती ती फक्त गणपतीमागची भिंत. दर चतुर्थीला आनंदी ती चुन्याने सारवायची आणि गेरू, हळद, नीळ घेऊन तिच्यावर चित्रं काढायची. मग बाक खिडकीखाली, भाताचा पेटारा समोरच्या कोपऱ्यात, समई डावीकडे, असं सगळं लावून ती मला बांधायला घ्यायची. एका कोपऱ्याला नारळ, तर समोरच्याला सुपारीचं जड शिपटं. मध्येच दारात जाऊन, मान तिरकी करून बघायची. माझ्याकडे इतकं निरखून दुसरं कुणी बघत नव्हतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

एकसष्ट साली धाकटा भाऊ गुरुदास मुंबईहून आला. त्याने घेतलेलं आरशाचं कपाट आधीच, वैशाखात, आगबोटीने वेंगुर्ल्याला उतरून घरी आलं होतं. चतुर्थीला चार दिवस असताना तो स्वतः आला, तेव्हा त्याच्या हातात पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटचे डबे होते. दोन दिवसांत त्याने अख्खं माजघर रंगवलं. ती भिंतही रंगवली.

"आक्का, आता दरवर्साक भिंत रंगवूची कटकट नाय. तुजे कष्ट वाचले."

"बरा झाला," आनंदी म्हणाली.

गुरुदास वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण बहिणीवर उपकार केले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी, घरात कुणी नसताना, आनंदीने गेरूत बोट बुडवून भिंतीवर एक पाकळी काढली. ती ओघळून खाली आली. तिने ती पदराने पुसली. मला माळ्यावरून काढून छताला रिकामीच टांगलं होतं. हे मी वरून पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

दुपारी तिने सांगितलं, "माजो हात दुखता. यंदा माटवी तूच बांध."

गुरुदास स्टुलावर चढला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरावं म्हणून त्याने नारळ, कवंडळं, शिपटी सगळं पुढच्या बाजूला बांधलं. मी पुढे झुकले. त्याने पुढचा दोर आखडला, तर मी बाजूला कलंडले. करायला गेला गणपती, झाला मारुती. घाम पुसत तो वळला, तर उजवीकडच्या कपाटाच्या आरशात त्याला स्वयंपाकघराचं दार दिसलं. दारात आनंदी उभी होती, मान तिरकी करून. दुखरा म्हटलेला हात हवेतच एक नारळ मागे सरकवत होता.

गुरुदासने आरशात बघतच विचारलं,

"आक्का, खंय चुकला गो?"

"नारळ सगळे फुडे बांधलंस. दोन मागच्या कोपऱ्याक घे."

त्याने घेतले. मी सरळ झाले. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. "भिंत ओकीबोकी दिसता. तू काय काढूक नाय?"

"तुज्या रंगार माजो रंग रवना नाय," ती म्हणाली आणि आत वळली.

गुरुदास स्टुलावरून उतरला, नारळाची करवंटी घेतली आणि भिंत खरवडू लागला. पावसाळी हवेत रंग अजून बोटाला चिकटत होता. चुन्यासकट सोलून येऊ लागला. थोरला भाऊ सत्यवान बाहेरून आला तो बघतच राहिला. "परवा लावलंस नि आज काढतंस? लोक हसतले."

"हसांदेत."

दोन हात रुंद चौकोन मोकळा झाला, तेव्हा आनंदी चुन्याचं मडकं घेऊन बाहेर आली. तिने आधी कपाट हलवायला लावलं. "खिडकीसमोर ठेवा. आरशातलो उजेड भिंतीर येतलो." आला, मित्रांनो. त्या अंधाऱ्या भिंतीवर मी पहिल्यांदाच ऊन पाहिलं. दिवेलागणीपर्यंत तिने निळ्या पाण्यात एकच मोठं कमळ काढलं.

दुसऱ्या दिवशी आरतीला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "एवढो बरो रंग लावलास, मगे ह्यो तुकडो कित्याक सोडलास?"

"ती आक्काची जागा," गुरुदास म्हणाला.

आत आनंदी विळीवर भाजी चिरत होती, तो आवाज थांबला. माहेरी येऊन तिला नऊ वर्षं झाली होती.

मित्रांनो, तुम्ही घर खुशाल नवं करा. कपाटं आणा, हवे ते रंग लावा. फक्त एखादी भिंत पुसण्याआधी ती कुणाची आहे, एवढं विचारा. आणि मला माळ्यावर ठेवाल तेव्हा माझे दोर सोडून ठेवा. गाठी तशाच राहिल्या की ते आतून कुजतात.