दुसरा ठिपका

गप्प बसण्यात अण्णांचा फायदाच फायदा होता. एका वीतभर तपकिरी सापाच्या नकाशावर, तो जिथे सापडला त्या जागांचे, उभ्या जगात दोनच ठिपके: पहिला संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांचा, टेकडीच्या उतारावरचा, दुसरा अण्णांचा, नदीपलीकडचा. पस्तीस वर्षं सापांच्या बरण्या पुसून, स्पिरिट बदलून हाती काय लागलं, तर हा ठिपका. पाहुणा आला की चहाआधी नकाशा निघायचा.

आता सापांचा अभ्यास करणारी सून त्याच सापाच्या मागे होती. नदीपलीकडे तिने तीन पावसाळे दगड उलथले. गुडघ्यांनी राम म्हटला, साप काही दिसला नाही.

"अण्णा, तुमचा साप भलताच लाजाळू हो," गुडघ्याला मलम चोळत ती म्हणाली. "उद्या अहवाल द्यायचाय. दोन जागी आहे म्हटलं की नुसता 'संकटग्रस्त'. एकट्या उतारावर असता, तर 'अतिसंकटग्रस्त' ठरला असता, तिथली खाण अडवता आली असती. पण तुमची बरणी आहे ना पुरावा!"

अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला.

"सूनबाई, बरणीला चिठ्ठी कुठली लिहायची?"

"साप पकडला तिथली. तुम्हीच शिकवलंत की."

"शिकवलं. केलं नाही." अण्णा नकाशाकडे बघेनात. "साप उतारावरच मिळाला, साहेबांना ज्या दगडाखाली सापडला त्यापासून हाकेवर. बरण्या संपलेल्या, म्हणून जेवणाच्या डब्यात घातला. दोन दिवसांनी नदीपलीकडच्या मुक्कामी बरणी मिळाली. चिठ्ठी तिथे बांधली, अन् तिथलंच गाव लिहून बसलो. साहेबांनी पाठ थोपटली. मग जीभच उचलेना."

"तीन पावसाळे, अण्णा!"

"रोज तुझं लंगडणं बघतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्यांना काय दाखवलं असतं?"

सून रागावणारच होती, पण हसू फुटलं. तिने पेन्सिल पुढे केली. "दुरुस्ती तुमच्याच हाताने लिहा. अक्षर नीट काढा, पुरावा आहे तो."

अण्णांनी लिहिलं. या वेळी गाव बरोबर आलं.

वर्षभरात खाण अडली. सापाला उतार मिळाला, साहेबांचा ठिपका शाबूत राहिला. झळ बसली ती घरातल्या दोघांना: अण्णांचा ठिपका गेला, सुनेचे गुडघे गेले. त्यांतल्या गुडघ्यांची भरपाई अण्णा अजून करतात. रोज संध्याकाळी, न सांगता, गरम पाण्याची पिशवी भरून.